तिकडे सकाळी उठून मी काय करू?

पत्राचा सारांश

हे पत्र घारापुरी बेटावरच्या, चाळिशीला आलेल्या एका वाचकाचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. गेली दोन वर्षं ते शिवडीजवळच्या एका गोदामात नोकरी करतात, आठवडाभर चौघांच्या खोलीत राहतात आणि सुट्टीला लाँचने घरी जातात. मुलगी दहावी झाली, आता कॉलेज मुंबईत. डिसेंबर 2024 मधल्या लाँचच्या अपघातापासून तिने रोज समुद्रातून ये-जा करावी हे त्यांच्या मनाला पटत नाही. म्हणून त्यांनी भांडुपला तिसऱ्या मजल्यावर एक वन रूम किचन बघून ठेवलंय. पावसाळ्याआधी आई, बायको आणि दोन्ही मुलांना घेऊन बेट कायमचं सोडायचा विचार आहे. बासष्ट वर्षांची आई लेण्यांच्या पायऱ्यांवर काकडी, कैऱ्या, बोरं, उकडलेली कणसं विकते. ते लिहितात: "आईचा नकार आहे. कितीही समजावलं तरी एकच पालुपद, 'तिकरं सकालचं उठून मी काय करू?' बायको काही बोलत नाही. आणि मला आतून खातंय ते वेगळंच. आमच्या लोकांनी विजेसाठी सत्तर वर्षं वाट पाहिली. दिवे आले, आणि मी चाललो. मी चुकतोय का? आईला कसं तयार करू? घर बंद करून निघताना निरोप तरी कसा घ्यायचा?"

उत्तर

नमस्कार,

आधी एक व्याकरणाची गोष्ट. तुमच्या आईच्या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे. पत्रात ते तुम्हीच घातलंय. तरी त्या वाक्याला तुम्ही नकार म्हणता. त्यांनी नकार कुठे दिला? त्यांनी विचारलंय.

तुम्ही दिलेली उत्तरंही पत्रात आहेत. नळाला पाणी येईल, डॉक्टर हाकेच्या अंतरावर असेल, पायऱ्या चढायला नकोत, जन्मभर कष्ट केलेस आता बस निवांत. सगळी मायेने दिलेली, पण भलत्याच प्रश्नाची. 'तिकडे मला काय मिळेल' असं आईने विचारलेलंच नाही. 'मी काय करू' असं विचारलंय. त्यावर 'बस निवांत' म्हणणं म्हणजे त्यांना ज्याची धास्ती आहे तेच त्यांच्या पुढ्यात वाढून ठेवणं.

दोन-तीन वर्षांपूर्वी मी भाचेमंडळींना घेऊन तुमच्या बेटावर आले होते. त्या शे-सव्वाशे पायऱ्या चढताना अर्ध्यावर धाप लागली म्हणून ताडपत्रीच्या सावलीत एका मावशींकडे टेकले. त्यांनी काकडी उभी चिरली, आत तिखट-मीठ भरलं आणि कागदावर ठेवून दिली. एका हातात सुरी, दुसऱ्या हाताशी माकडांसाठी काठी. माझ्या भाच्याच्या हातातली थंड पेयाची बाटली माकडाने पळवली, तेव्हा मावशींनी मान वर न करता "सांगितलेलं ना, पिशवीत ठेवा" एवढंच सुनावलं. मग माझ्याकडून पैसे मोजून घेतले, कनवटीला लावले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. हिंदी, इंग्रजी, गुजराती, जे समोर येईल त्यात भाव सांगत होत्या.

त्या तुमची आई नसतीलही. पण एवढं कळलं की त्या पायरीवर बसलेली बाई म्हणजे कुणाची तरी म्हातारी आई नाही, ती दुकानदार आहे. लाँच कधी लागणार, कुठल्या गर्दीला कणीस खपेल आणि कुठल्या गर्दीला ताक, हे तिला पाठ असतं. तुमच्या आई निवृत्त झालेल्या नाहीत. होतेस का, असं त्यांना कुणी विचारलेलंही नाही. भांडुपला गेल्यावर नातवाच्या हातावर दहा रुपये ठेवायचे झाले तरी त्यांना तुमच्यापुढे हात पसरावा लागेल. तुम्ही देणार, आनंदाने देणार, मला शंका नाही. पण कनवटीचे पैसे आणि मागून घेतलेले पैसे सारखे नसतात.

तेव्हा 'आईला कसं तयार करू' हा प्रश्न थोडे दिवस बाजूला ठेवा आणि आईच्याच प्रश्नाला उत्तर शोधा. ते सोपं नाही, हेही सांगते. मुंबईत टोपली घेऊन कुठल्याही फुटपाथवर बसता येत नाही. परवाना लागतो, तो सहज मिळत नाही, आणि बिनपरवाना बसलं की माल उचलून नेण्याची टांगती तलवार. या वयात ती धावपळ त्यांच्या वाट्याला येऊ देऊ नका. मात्र आगरी-कोळी घरातल्या बाईच्या हाताला या शहरात जी मागणी आहे तिचा तुम्हाला अंदाज नसावा. आमच्या सोसायटीत तांदळाची भाकरी करून देणाऱ्या एक काकू आहेत. संध्याकाळी सहाच्या आत सांगितलं नाही तर भाकरी मिळत नाही, मग कितीही गोड बोला. वर्षाचा मसाला, सुके बोंबील, सोडे, जवळा निवडून पाकीट करून देणं, हेही चालतं. यातलं काही आईला जमेल, आवडेल, की नाही, ते त्याच ठरवतील. फक्त वेळ जावा म्हणून काहीतरी हातात देऊ नका. त्यांना लगेच कळेल. हिशेब त्यांचा, गिऱ्हाईक त्यांचं आणि पैसेही त्यांचेच, असं असेल तरच ते काम.

आता तुमच्या पत्रातला दुसरा शब्द, 'कायमचं'. तो चार वेळा आलाय.

माझ्या आजोबांना राजापूरकडचं गाव सोडून परळला येऊन चाळीस वर्षं झाली होती. तरी कुणी पत्ता विचारला तर सांगायचे, "बिऱ्हाड परळला, घर गावी." तेव्हाच्या मुंबईकरांच्या बोलण्यात हे दोन शब्द कधी एकमेकांच्या जागी आले नाहीत. पोटासाठी मांडतो ते बिऱ्हाड. जिथे शिमग्याला आणि गणपतीला जायचंच असतं ते घर. गिरण्या, गोदी, रेल्वे यांत राबणारी लाखो माणसं या दोन शब्दांच्या आधाराने जगली. बिऱ्हाड थाटताना त्यांना घराचा निरोप घ्यावा लागला नाही. त्यांना गावी जायला एसटी नाहीतर बोट, आणि दीड-दोन दिवस. तुमचं घर गेटवेपासून लाँचने तासाभरावर आहे. भाऊच्या धक्क्यावर उभं राहिलं की हवा स्वच्छ असेल तेव्हा डोंगर दिसतो, हे तुम्हीच लिहिलंय. मग कायमचं काय आहे यात?

मात्र आजोबांच्या या पद्धतीला दुसरी बाजूही होती. "आपण काय इथे कायमचे नाही" असं म्हणत आजीने परळच्या खोलीत भिंतीला एक खिळा ठोकू दिला नाही. ट्रंक पलंगाखाली, तीही बांधलेलीच. बाबांचं बालपण असं बांधलेल्या ट्रंकेवर बसून गेलं. तुमच्या मुलांचं तसं होऊ नये. भाड्याची का होईना, खोलीत पहिल्या आठवड्यात खिळे ठोका, मुलीला अभ्यासाला एक कोपरा द्या, शेजाऱ्यांकडे वाटीभर कालवण पाठवा. बिऱ्हाड असलं तरी नीट मांडलेलं असावं.

आईसाठी मला जो मार्ग दिसतो तो जुनाच आहे: चातुर्मास. पावसाळ्यात समुद्र खवळतो, लाँचचा भरवसा नसतो, पर्यटक रोडावतात. तुमच्या आईचा धंदा जून ते सप्टेंबर तसाही बसलेलाच असणार. तेवढे महिने त्यांनी मुंबईत यावं. समजावून नव्हे, पाहुणचाराला आणि पाहणीला म्हणून. गणपती-नवरात्र झालं, हंगाम सुरू व्हायला आला, की त्यांनीच ठरवावं. परत जायचं असेल तर जाऊ द्या. शेजारी रात्री कोण सोबतीला असेल, मोबाइल चालू राहील का, गुडघा किती साथ देईल, हे आधी बोलून घ्या. गुडघ्याचं तर मुंबईत असतानाच डॉक्टरांना दाखवून घ्या. भावकी पाठीशी असेल तर बासष्ट हे काही एकटं न राहता येण्याचं वय नव्हे. राहायचं म्हणाल्या तर मग भाकरीची परात मुंबईत. एक पावसाळा त्यांना तुमच्या दहा वर्षांच्या समजावण्यापेक्षा जास्त सांगेल. 'ना घर का ना घाट का' होईल असं तुम्हाला वाटेल. पण हंगामाप्रमाणे जागा बदलणं समुद्राकाठच्या माणसाला नवीन नाही. मासेमारीच्या होड्याही जून-जुलै बंदीत काठावरच ओढलेल्या असतात.

हे उत्तर लिहिताना माझ्यासमोर तुम्ही एकटे नाही आहात. गोराई-मनोरीहून, उरणकडून, कोकणातून अशीच पत्रं येतात, आणि बहुतेकांत मुलाने आईसाठी खोली बघितलेली असते, पण आईने खोली बघितलेली नसते.

खोलीबद्दल थोडं स्पष्ट बोलू का? भांडुपची ती जागा मला पटत नाही. भाडं कमी आहे हे खरं. पण तिसरा मजला, लिफ्टचा पत्रात उल्लेख नाही, म्हणजे नसावी. रोज शे-सव्वाशे पायऱ्यांवर वावरणाऱ्या बाईला पायऱ्यांचं भय नसतं, हे मान्य. पण तिथल्या पायऱ्या धंद्याला नेतात, इथल्या नुसत्या खाली. खाली उतरून जायला ठिकाण नसेल तर माणूस उतरायचंच सोडून देतो. तळमजला, पुढे चार माणसं बसतील एवढा ओटा किंवा सामायिक व्हरांडा, यासाठी खोली थोडी लहान मिळाली तरी चालेल. दुसरं, भांडुपहून शिवडीला रोज कुर्ल्याला गाडी बदलावी लागेल, आणि बेटावर जायचं तर पुन्हा सीएसएमटीपर्यंतचा लांबचा प्रवास. हार्बर लाइनला चुनाभट्टी, गोवंडी, मानखुर्द अशी चौकशी करून पाहा. शिवडी त्याच गाडीने, सीएसएमटीही त्याच गाडीने, पुढे गेटवेला बस. जिथून घरी जाणं सोपं तिथे बिऱ्हाड करावं, नाहीतर सुरुवातीला दर आठवड्याला होणारी फेरी वर्षभरात सणापुरती उरते. मुलीच्या अकरावीचे पसंतीक्रम भरण्याआधी जागेचा भाग नक्की करा. प्रवेश ऑनलाइन होतो आणि यादीत भलतंच लांबचं कॉलेज लागलं की पोर रोज दोन तास गाडीत. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेलाच घ्या. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे, आणि धाकट्याच्या शाळेत पत्त्याचा पुरावा मागतील तेव्हा तोच कागद लागेल.

बेटावरच्या घराचंही ऐका, कारण 'बंद करून निघतो' हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटलं. बंद घर दोन पावसाळ्यांत म्हातारं होतं. एरवी गावी पडलेलं घर पुन्हा बांधता येतं. तुमच्याकडे तसं गृहीत धरू नका. घारापुरीची लेणी हे संरक्षित स्मारक आहे, आणि अशा स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई, त्यापुढच्या 200 मीटरमध्ये आधी परवानगी, असा कायदा आहे. दुरुस्तीलाही रीतसर मंजुरी घ्यावी लागते. तुमचं घर त्या टप्प्यात येतं का ते ग्रामपंचायतीत विचारून घ्या. येत असेल तर उभं घर सांभाळणं हाच शहाणपणा. कौलं पावसाआधी बघून घ्या, आठवड्यातून एकदा कुणी तरी दारं उघडून दिवा लावील अशी व्यवस्था करा, घरपट्टी वेळेवर भरून पावत्या जपा, आणि वडिलांच्या नंतर वारसांची नावं लागली नसतील तर आता लावा. रेशनकार्ड हलवायची घाई नको. अन्नसुरक्षेच्या यादीत नाव असेल तर मुंबईतल्या दुकानातही अंगठा लावून धान्य घेता येतं. मतदार यादीत नाव मात्र एकाच ठिकाणी ठेवता येतं. तुमचं हलवायचं झालं तर फॉर्म 8 भरा, आईचं त्या ठरवीपर्यंत तिथेच राहू द्या.

आता तुम्हाला आतून खाणाऱ्या गोष्टीकडे येते. फेब्रुवारी 2018 मध्ये समुद्राच्या तळातून 7.5 किलोमीटरची केबल टाकून बेटावर वीज आली. त्याआधी जनरेटरचे संध्याकाळचे काही तास, मग कंदील. समोर मुंबई रात्रभर झगमगत असायची. हे तुमच्या वाडवडिलांनी सोसलं, हे खरं. पण त्यांनी दिवे मागितले ते पुढच्या पिढीला त्या खांबाला बांधून ठेवायला नव्हे. तुमची मुलगी तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. म्हणजे तिची सगळी वह्या-पुस्तकं त्या उजेडात झाली, आणि आता ती कॉलेजात निघाली आहे. वीज वाया गेली असं यातल्या कुठल्या गोष्टीवरून म्हणायचं? बेटाला आजही पूल नाही. जानेवारी 2024 मध्ये शिवडीहून 21.8 किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला, तुमच्या डोळ्यांसमोरून गेला आणि बेटावर न उतरता पुढे निघून गेला. कॉलेज सकाळी सातला भरतं आणि लाँचचं वेळापत्रक पर्यटकांच्या सोयीचं. हा पेच तुम्ही तयार केलेला नाही. अपराधी वाटण्याऐवजी तुम्हाला थोडा राग आला असता तरी मी समजू शकले असते. जाता जाता, मुंबई म्हणजेही मुळात सात बेटंच. तुमची शिवडी परळच्या बेटावरची, आणि भांडुप साष्टी बेटावर. मधलं पाणी लोकांनी भरून काढलं. याने तुमचं दुःख हलकं होणार नाही, पण मुंबईत तुम्हाला कुणी 'बेटावरचे' म्हणून हसलं तर सांगायला उपयोगी पडेल.

एका गोष्टीची मात्र तयारी करून या, कारण बेटावरून आलेल्यांना ती नंतर कळते. तुमच्याकडे संध्याकाळी शेवटची लाँच सुटली की परकं माणूस उरत नाही. मुक्कामाला कुणाला परवानगी नसते. दिवसभर गलबला, आणि मग एकदम आपलं आपण. मुंबईत ती शेवटची लाँच कधी सुटतच नाही. पहिले काही महिने तुम्हा सगळ्यांची चिडचिड होईल आणि कारण सापडणार नाही. मग तुम्ही जागेला, मुलांना, एकमेकांना दोष द्याल. तसं झालं की खोलीचं दार तासभर लावून घ्या, टीव्ही बंद, मोबाइल लांब, आणि सगळ्यांनी एकत्र जेवा. यावर मला दुसरा उपाय माहीत नाही.

आणि तुमची बायको. दोन पानांच्या पत्रात तिच्या वाट्याला तीन शब्द आलेत, 'काही बोलत नाही'. चार माणसांसाठी नव्या ठिकाणी पाणी भरणार, बाजार शोधणार, सासूबाईंची उदासी आणि मुलांचे रुसवे दिवसभर झेलणार ती. तुम्ही तर कामावर असाल. ती बोलत नाही की तिला विचारलं नाही, हे तुम्हालाच ठाऊक. आई आणि मुलं झोपल्यावर धक्क्यापर्यंत चालत जा दोघं, आणि तुम्ही गप्प बसा.

निरोपाचं म्हणाल तर मी तो घ्यायला सांगणार नाही. गावदेवीला नारळ ठेवा, भावकीला सांगा की पावसाळा मुंबईत काढतोय, आणि निघा. जो पाट टाकून आई पायरीवर बसतात तो मात्र बरोबर आणू नका. शेजारणीकडे ठेवायला द्या, म्हणजे त्यांची पायरी दुसऱ्या कुणाला जाणार नाही.

आणि खोलीचं टोकन देण्याआधी एकदा आईला ती दाखवायला घेऊन या. सोमवारी या. लेणी बंद असतात, त्यांचा धंदा बुडणार नाही.